पाकिटाआधी वाटी

प्रिय,

ज्वारीच्या फ्लेक्सच्या पाकिटाचा नमुना मिळाला. रंग झकास जमलेत. मागच्या बाजूला तू छापलेले फायदे मोजले, चौदा भरले. पण हे खायचं कशात, कशाबरोबर, दूध गरम की गार, याबद्दल अक्षर नाही. जाहिरातीची सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस, म्हणून तुला आधी केलॉग भावांची गोष्ट सांगतो.

अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये बॅटल क्रीक नावाचं गाव आहे. तिथल्या आरोग्यधामाचे प्रमुख होते डॉ. जॉन हार्वे केलॉग. मांस, मसाले, चहा-कॉफी सगळं वर्ज्य. धाकटा भाऊ विल तिथंच हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळायचा. डॉक्टर सायकलवरून चक्कर मारायचे आणि विल वही घेऊन त्यांच्या शेजारून धावत त्यांचे हुकूम टिपून घ्यायचा, असं सांगतात. 1894 मध्ये उकडलेला गहू तसाच राहून शिळा झाला. फेकायचा कशाला म्हणून त्यांनी तो रुळांमधून काढला, तर सलग पोळी पडायच्या ऐवजी दाण्यादाण्याचा सुटा पापुद्रा पडला. (पोह्यांची भट्टी पाहिलेल्या कोकणी माणसाला यात फारसं नवल वाटणार नाही.) पुढे गव्हाच्या जागी मका आला.

डॉक्टरांच्या लेखी हे पथ्याचं खाणं होतं. 1891 मध्ये उपचारासाठी येऊन राहिलेल्या सी. डब्ल्यू. पोस्टला मात्र तिथल्या पथ्याच्या खाण्यात धंदा दिसला. 1897 मध्ये त्यानं ‘ग्रेप-नट्स’ नावाचं धान्याचं नाश्त्याचं खाणं बाजारात आणलं. त्यात ना द्राक्षं, ना बदाम-अक्रोड! तरी पठ्ठ्यानं जाहिरातींच्या जोरावर अफाट पैसा केला आणि गावात डझनावारी नकलाकार उगवले. विल हे सगळं बघत धुमसत होता. फ्लेक्समध्ये साखर घालण्यावरूनही भावाशी वाजलं. शेवटी फेब्रुवारी 1906 मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यानं स्वतःची कंपनी काढली.

आता नीट वाच. त्याच वर्षी त्यानं बायकांच्या एका मोठ्या मासिकात जाहिरात दिली आणि तिच्यात चक्क कबूल केलं, की बहुतेक वाचकांना हा माल त्यांच्या वाण्याकडे मिळणार नाही. तुम्हीच त्याला मागवायला सांगा! माल नाही आणि जाहिरात आहे, असला उलटा कारभार. पण दहा जणींनी विचारल्यावर कुठला वाणी ऑर्डर देणार नाही? पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्यानं बायकांना सांगितलं, बुधवारी तुमच्या दुकानदाराला डोळा मारा आणि काय मिळतं ते बघा. मिळायचं नमुन्याचं पाकीट, फुकट. 1907 सालातल्या सभ्य घरच्या बाईनं वाण्याला डोळा मारायचा! शहरभर चर्चा झाली. नकलाकारांवर त्याचा तोडगा साधा होता: पाकिटावर स्वतःची सही छापायची. ती लफ्फेदार सही अजूनही आहे.

या माणसाला गिऱ्हाईक, दुकान आणि फळी यांच्यातलं अंतर कळत होतं. तू अजून एकाही दुकानात तासभर उभं राहिलेलं नाहीस, असं मला नमुन्यावरून दिसतंय. चुकत असेन तर कान धर.

1909 पासून पाकिटांबरोबर मुलांसाठी चित्रांची पुस्तिका सुरू झाली आणि 1952 मध्ये साखर लावलेल्या फ्लेक्सच्या पाकिटावर टोनी नावाचा चित्रातला वाघ आला. पथ्याच्या खाण्याची अशी मिठाई झाली. धंदा म्हणून हुशारी मान्य, पण पोरांना पुढे करून आयांच्या पिशवीत माल टाकायचा हा मार्ग मला कधी रुचला नाही. तू त्या वाटेला जाऊ नयेस, असं वाटतं.

आमच्या घरी मक्याच्या फ्लेक्सचं पहिलं पाकीट एका पाहुण्यानं आणलं होतं, नावही आठवत नाही. आईनं स्टीलच्या वाटीत फ्लेक्स घातले, पातेल्यातलं कढत दूध सायीसकट ओतलं आणि वर ताटली झाकली. म्हणाली, “मुरू दे जरा.” पाच मिनिटांनी ताटली काढली तर आत नुसता लगदा. एक चमचा खाऊन म्हणाली, “यापेक्षा आपली पेज बरी की!”

केलॉग कंपनी 1994 मध्ये भारतात आली, कारखाना आपल्या तळोज्यालाच. जाहिरातीत कुरकुरीत फ्लेक्स होते आणि आपला नाश्ता तेलकट, जड असल्याची सूचना होती. घराघरांत दूध होतं गरम. गरम दुधात कुरकुर टिकत नाही आणि कांदेपोह्यांना नावं ठेवलेली कुणाला आवडत नाहीत. पहिल्या उत्सुकतेनंतर खप मंदावला. बासमतीचे फ्लेक्स काढून पाहिले, तेही चालले नाहीत. 1996 च्या चॉकलेटी चोकोजनी मात्र मुलांमध्ये जम बसवला.

मी हसायला मोकळा नाही. त्याच सुमारास मी एका कंपनीचं पाकिटबंद सूप विकत फिरत होतो. दादरच्या एका दुकानदारानं विचारलं, “हे पोळीबरोबर खायचं का?” मी ऑफिसात येऊन तो किस्सा विनोद म्हणून सांगितला. सहा महिन्यांनी निम्मा माल परत आला. गिऱ्हाईक जे विचारणार होतं, तेच तो मला फुकटात सांगत होता.

तुझ्या चौदांपैकी नववा फायदा: ‘मुलांची एकाग्रता वाढवते’. याच केलॉग कंपनीनं अमेरिकेत ‘फ्रॉस्टेड मिनी-व्हीट्स’ या साखर लावलेल्या गव्हाच्या नाश्त्यासाठी म्हटलं होतं, की यानं मुलांचं लक्ष जवळजवळ 20 टक्क्यांनी सुधारतं. तुलना होती सकाळी काहीच न खाल्लेल्या मुलांशी. आणि त्यांच्याच अभ्यासात तेवढी सुधारणा दिसली होती नवांत एका मुलात! 2009 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे फसव्या जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, त्यांना असा दावा करायला मनाई केली. शंभर वर्षांचं नाव असलेल्या कंपनीचं हे झालं, तुझं तर अजून नावही नाही. नववा आजच खोड. बाकीच्यांपैकी ज्याचा कागद हातात नाही, तोही खोड. जागा उरेल, तिथं वाटीचं चित्र टाक.

रविवारी सकाळी दोन पाकिटं घेऊन घरी ये. खालच्या मजल्यावरच्या आजींनाही बोलावतो. फ्लेक्स त्यांच्यासमोर ठेवायचे आणि तू एक शब्द बोलायचा नाहीस. दूध आमच्याकडे गरमच असतं.

तुझा,
काका