तळणीचा वास कोणाच्या वहीत मांडायचा?

प्रश्न : आमच्या इमारतीत तळमजल्यावर फरसाणाचं दुकान आहे. सकाळी घाणा सुरू झाला की वरच्या तीन घरांना खिडक्या लावून घ्याव्या लागतात. वाळत घातलेल्या कपड्यांनाही तळकट वास येतो. दुकानदार म्हणतो, ‘याच वासाने गिऱ्हाईक येतं.’ अर्थशास्त्रात याला ‘बाह्यता’ म्हणतात ना? मग भरपाई कोणी द्यायची?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दुकानदाराचं खोटं नाही. रस्त्यावरच्याला जो वास खमंग, तोच तुम्हाला तळकट. तेल, बेसन, गॅस, पगार त्याच्या वहीत चढतात. तुमचे दुसऱ्यांदा धुतलेले कपडे चढत नाहीत. व्यवहारात नसलेल्याच्या माथी आलेला हा खर्च म्हणजे बाह्यता. (बेकरीच्या पावाचा फुकटचा वास हीसुद्धा बाह्यताच, पण त्याबद्दल पत्र कोणी लिहीत नाही.)

अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये मांडलेला मार्ग कराचा : नुकसान जेवढं, तेवढा कर. दुसरे अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये वेगळ्याच गोष्टीवर बोट ठेवलं. धूर आला तर तुमचं नुकसान, घाणा बंद केला तर त्याचं. तेव्हा कमी खर्चात कोणाला टाळता येतं ते पाहा. समजा, धुराडं गच्चीपर्यंत न्यायला ६०,००० रुपये लागतात आणि त्रास टळावा म्हणून तिन्ही घरं मिळून ९०,००० मोजायला तयार आहेत. मग धुराडं व्हायलाच हवं. स्वच्छ हवेचा हक्क तुमचा ठरला तर खर्च त्याचा. नाहीतर तुम्ही घातलेले पैसेही वसूल. तीनऐवजी चोवीस घरं असली की मात्र घोडं अडतं, कारण प्रत्येकाला वाटतं शेजारी देईल.

आता प्रत्यक्ष कामाचं. धुराडं गच्चीच्या कठड्याच्या वर न्या. काटकोनी वळणं टाळा, प्रत्येक वळणाला धूर ओढणाऱ्या पंख्याची ओढ कमी होते. हूडची (कढईवरच्या धूर ओढणाऱ्या झाकणाची) जाळी तेलाने बुजली की धूर पुढच्या दारातून बाहेर येतो, आणि नळीत साठलेलं तेल पेटही घेऊ शकतं. स्टीलची जाळी आठवड्याला गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून धुवावी. ॲल्युमिनियमची असेल तर सोडा नको, काळी पडते. वारंवार तापवलेलं तेल लवकर धुरावतं. त्या धुरातल्या ॲक्रोलिन नावाच्या रसायनाने डोळे चुरचुरतात. तेल वेळेवर बदललं तरी निम्मी तक्रार मिटेल.

सोसायटीत लेखी ठरवाल तेव्हा जाळी कोणी धुवायची तेही लिहा. धुराड्याला वर्गणी निघते, धुण्याला निघत नाही.