अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांच्या मुलींची राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा १९८२ मध्येच सुरू झाली का?
नाही, ती १९७५ मध्ये सुरू झाली. १९८२ हे एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या मुलींच्या नोंदींचं पहिलं वर्ष. तेव्हा छोट्या कॉलेजांच्या तिसऱ्या विभागाच्या अंतिम सामन्यात एलिझाबेथटाउनने नॉर्थ कॅरोलिना-ग्रीन्सबरोला ६७-६६ असं अवघ्या एका गुणाने हरवलं. त्याआधी मुलींच्या स्पर्धा एआयएडब्ल्यू ही वेगळी संघटना भरवायची. तिने १९७५ मध्ये छोट्या कॉलेजांचा स्वतंत्र गट काढला, १९८० मध्ये त्याचे दोन विभाग केले. एनसीएए यात उतरल्यावर ती संघटना बंद पडली, आणि आधीचे विजेते एनसीएएच्या यादीबाहेर राहिले. हा त्या खेळाडूंवर अन्यायच आहे. मात्र १९७२ ते १९७४ सलग तीनदा जिंकलेलं पेनसिल्व्हेनियातलं इमॅक्युलाटा या गटात मोजू नका: कॉलेज छोटं असलं तरी ती विजेतेपदं खुल्या स्पर्धेतली आहेत.