वडिलांना पुन्हा मास्तर होऊ द्या

प्रश्न : दिल्लीच्या भोगल भागात राहणाऱ्या एका निवृत्त मराठी शिक्षिकेने शेजारच्या अफगाण कुटुंबातील आईच्या सांगण्यावरून हे पत्र पाठवले आहे. कुटुंब मूळचे कुंदूझचे. सप्टेंबर 2015 मध्ये तालिबानने ते शहर ताब्यात घेतले तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. घर सोडून सगळे काबूलला गेले आणि 2021 च्या सुरुवातीला आईच्या उपचारांसाठी मिळालेल्या व्हिसावर दिल्लीत आले. वडील कुंदूझच्या शाळेत गणित शिकवत. आता लाजपतनगरमधल्या एका नानच्या भट्टीवर पहाटेपासून दुपारपर्यंत राबतात. आई प्रशिक्षित सुईण आहे. मुलगी काबूलमध्ये सातवीपर्यंत शिकली, दिल्लीत शाळेत नाव घातले, पण हिंदी समजेना म्हणून काही महिन्यांतच शाळा सुटली. आता ती सतरा वर्षांची आहे. कॅनडात पुनर्वसन होईल या आशेवर वडील म्हणतात, तिकडे गेल्यावर शिकेल. आईला वाटते, निदान ब्यूटी पार्लरचा कोर्स करावा. मुलीला डॉक्टर व्हायचे आहे. काय करावे?

आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील एका तपशिलापाशी मी बराच वेळ थांबलो. मुलीच्या वहीत आईच्या औषधांची नावे फारसी लिपीत लिहिलेली आहेत, त्यांच्यापुढे वेळा आहेत आणि समासात घरमालकाला सांगायची हिंदी वाक्ये आहेत, असे आपण लिहिले आहे. रुग्णालयातील केसपेपर, विजेचे बिल, धाकट्या भावाच्या शाळेतील निरोप, सारे काही तीच वाचते आणि तीच बोलते. परक्या मुलखात मुले भाषा लवकर उचलतात, म्हणून विस्थापित घरांमध्ये संसाराचा व्यवहार बघता बघता मुलांच्या हाती जातो, आणि ज्यांनी मुलांना आधार द्यायचा ते आई-वडील मुलांच्या तोंडाकडे पाहू लागतात. या मुलीचा करिअरचा प्रश्न मला आधी इथे दिसतो. कोणता कोर्स करावा हे सांगता येईल, पण अभ्यासाला बसण्याइतकी ती घरातून मोकळी झाली नाही, तर कोणताही कोर्स पुरा होणार नाही.

वडिलांच्या म्हणण्याबद्दल स्पष्ट लिहितो, त्यांनी राग मानू नये. यूएनएचसीआर या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या सांगण्यानुसार जगभरातील निर्वासितांपैकी एक टक्क्याहूनही कमी लोकांना एका वर्षात तिसऱ्या देशात पुनर्वसनाची संधी मिळते. अमेरिकेने जानेवारी 2025 मध्ये आपला निर्वासित प्रवेशाचा कार्यक्रमच स्थगित केला, त्यामुळे उरलेल्या दारांवरची गर्दी वाढली असणार. कॅनडाची फाईल जरूर चालू ठेवावी, परंतु तिच्या भरवशावर मुलीची आणखी वर्षे जाऊ देऊ नयेत. शिवाय उद्या बोलावणे आलेच, तर दहावी-बारावीची गुणपत्रिका हातात असलेली मुलगी तिथे थेट पुढच्या शिक्षणाला लागेल. सातवीच्या दाखल्यावर गेलेली मुलगी प्रौढांच्या वर्गात मुळापासून सुरुवात करेल. म्हणजे जायचे असो की राहायचे, आज करायचे काम एकच आहे.

ते काम म्हणजे एनआयओएस, अर्थात राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थानाची दहावी. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा 2009 चा कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे, त्यामुळे तो तिच्या कामाचा राहिलेला नाही. धाकट्या भावाला मात्र तो पुरेपूर लागू पडतो. वयाचा पुरावा नाही या कारणावरून त्याला कोणतीही शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. मुक्त विद्यालयाच्या दहावीसाठी चौदा वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि आठवीचा दाखला नसेल तर अभ्यासक्रम झेपेल असे स्वयंघोषणापत्र चालते. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या सुमारास होते. नोंदणी पाच वर्षे टिकते आणि विषय एकेक करून सोडवता येतात. ज्या घरात आईच्या तपासणीची तारीख कधीही येऊ शकते, त्या घराला ही सवलत फार मोलाची आहे.

विषय निवडताना घाई करू नका. तिची शाळा हिंदीपायी सुटली, आणि इथे हिंदी सक्तीची नाही. भाषांच्या यादीत फारसी आहे. ती घरी दरी, म्हणजे अफगाणिस्तानात बोलली जाणारी फारसी, बोलते आणि काबूलमध्ये त्याच लिपीत शिकली, तेव्हा या एका विषयात तिला पहिल्याच प्रयत्नात चांगले गुण मिळावेत. तिला स्वतःबद्दल आज जे वाटते आहे, ते पाहता मी तिला सर्वांत आधी हाच पेपर द्यायला लावेन. दुसरी भाषा इंग्रजी, आणि त्याबरोबर गणित, विज्ञान आणि गृहविज्ञान. उर्दू माध्यमाचाही पर्याय आहे आणि ओळखीच्या लिपीमुळे तो सोपा वाटेल. तरीही पुढे विज्ञानच शिकायचे असल्याने मी इंग्रजी माध्यम सुचवतो. पहिले सहा महिने जड जातील.

आणि गणित वडिलांनी शिकवावे. ही माझी सर्वांत आग्रहाची सूचना आहे, आणि ती केवळ शिकवणीचे पैसे वाचावेत म्हणून नाही. ‘मी आता मास्तर राहिलो नाही’ असे ते म्हणतात, असे आपण लिहिले आहे. वर्षानुवर्षे वर्ग सांभाळलेल्या माणसाने पिठाच्या परातीसमोर उभे राहून हे म्हणावे, यात त्याचे किती हरवले आहे ते कळते. दुपारी ते घरी असतात. जेवण आणि विश्रांती झाल्यावर रोज एक तास त्यांनी मुलीला दरीमध्ये समीकरणे शिकवावीत, आणि त्यांतील इंग्रजी संज्ञा तिने दुसऱ्या दिवशी आपल्याकडून पक्क्या करून घ्याव्यात. त्या तासात घरातले जाणते माणूस पुन्हा वडील असतील आणि मुलगी पुन्हा विद्यार्थिनी. त्याच हेतूने रुग्णालयातले बोलणे आईने हळूहळू स्वतःकडे घ्यावे. सुईणपणाचे शिक्षण झालेल्या बाईला औषधोपचाराचे कळते, अडते ते फक्त हिंदीशी, आणि तेवढी हिंदी आपण शिकवाल याची मला खात्री आहे.

पार्लरच्या कोर्सला मी नाके मुरडणार नाही. भारताने निर्वासितांविषयीच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, निर्वासितांना रीतसर नोकरीचा हक्क नाही, आणि महिन्याचे भाडे तर द्यावेच लागते. तिने तो कोर्स संध्याकाळी करावा, मात्र सकाळचे तीन तास अभ्यासाचेच राहतील अशा बोलीवर.

डॉक्टर होण्याबद्दल तिला खोटी आशा दाखवणे बरे नव्हे. परदेशी नागरिकांना ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देता येते, पण जागा आणि शुल्क यांचे गणित या घराला आज झेपणारे नाही. तरीही बारावीला जीवशास्त्र घ्यावेच. त्यातून परिचर्या, प्रयोगशाळा तंत्रज्ञान, फिजिओथेरपी, सूक्ष्मजीवशास्त्रातील पदवी असे मार्ग निघतात, आणि दुसऱ्या देशात गेल्यास वैद्यकाचे दारही बंद होत नाही. पदवीसाठी ‘डाफी’ नावाची शिष्यवृत्ती आहे. जर्मन सरकारच्या मदतीने 1992 मध्ये सुरू झालेली ही योजना यूएनएचसीआर चालवते आणि भारतातील निर्वासित विद्यार्थ्यांनाही तिचा लाभ मिळतो. पुण्यात शिकायला आलेल्या अफगाण मुलामुलींशी माझे बोलणे होत असते. मायदेशी परतण्याची वाट बंद झाल्यावरही त्यांच्यातले जे टिकून राहिले, ते हाती असलेले वर्ष वाया जाऊ न देणारे होते.

दहावी-बारावीत दोन वर्षांचे अंतर धरले, तर बारावी होताना ती एकवीस वर्षांची असेल. आईला हे वय फार वाटते. त्यांना एवढेच सांगा की तालिबानने मार्च 2022 मध्ये सहावीपुढच्या मुलींच्या शाळा उघडण्याचा शब्द फिरवला, त्याच वर्षी डिसेंबरात विद्यापीठे बंद केली आणि डिसेंबर 2024 मध्ये मुलींसाठी परिचर्या आणि सुईणपणाचे वर्गही बंद केले. आई जे शिकली, ते आज त्यांच्या देशात कोणत्याही मुलीला शिकता येत नाही. त्यांच्या लेकीला ते इथे शिकता येईल, एकविसाव्या वर्षी का होईना.

दिवाळीच्या फटाक्यांनी ती रात्रभर जागी राहते, हेही आपण कळवले आहे. ही भित्रेपणाची खूण नव्हे. यूएनएचसीआरच्या सहयोगी संस्थांकडे समुपदेशक असतात, त्यांची भेट नोंदणीच्या आधीच घ्या. झोप नसेल तर पाठांतर होत नाही.

प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी काबूलच्या शाळेचा दाखला, तझकिरा (अफगाण सरकारचे ओळखपत्र) आणि यूएनएचसीआरचे ओळखपत्र शेजारी ठेवून पाहा. अफगाण कागदांवर बरेचदा आडनाव नसते आणि जन्मसाल त्यांच्या सौर पंचांगाचे असते. तिथले 1387 म्हणजे आपले मार्च 2008 ते मार्च 2009. तिन्ही कागदांवर नाव आणि तारीख जुळत नसेल तर आधी यूएनएचसीआरच्या ओळखपत्रावरची दुरुस्ती मागा, आणि अर्जात इंग्रजी स्पेलिंग त्या ओळखपत्राप्रमाणेच लिहा. कोणता ओळखीचा पुरावा चालेल हे अभ्यासकेंद्राकडून लेखी घ्या. त्यांनी नकार दिला तर ते पत्र मला पाठवा, पुढचा अर्ज आपण मिळून लिहू.