बिननांगरटीचा हरभरा: घाई ओलीची कर

भाऊ, उडीद काढलेलं रान नांगरू नकोस. नांगरलंस की सोलापूरच्या उन्हात काळ्या मातीतली ओल दोन दिवसांत उडते. धसकटं तशीच ठेव, आडोसा होतो. बोटानं पाचोळा सारून माती मुठीत दाब. गोळा झाला की पेर. 20 सप्टेंबर ते 10 ऑक्टोबर ही कोरडवाहूची वेळ, बी ओलीत पडेल इतकं खोल जाऊ दे. विजय किंवा दिग्विजय वाण घे. आधी किलोभर बियाण्याला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाला अडवणारी मित्रबुरशी) चोळ, मग रायझोबियम (मुळांवर नत्राच्या गाठी करणारे जिवाणू), आणि बी सावलीतच वाळव.

पुढल्या रब्बीत तिथं ज्वारीच घे. लागोपाठ हरभरा घेऊन माझं अर्धं रान मर रोगानं वाळलं होतं. बुंधा उभा चिरला तर आत काळपट रेघ. मर रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते रे.