'पिशाच्च' नको, 'अमर' तर नकोच: नोस्फेराटू या शब्दाविषयी

प्रश्न असा आला आहे: "रॉबर्ट एगर्सचा 'नोस्फेराटू' 10 जानेवारी 2025 ला आपल्याकडे लागला, मी दिवस मोजत होतो. पण मराठी बातम्यांत त्याला कुणी 'पिशाच्चपट' म्हणतं, कुणी 'अमर रक्तपिपासूची कथा'. व्हॅम्पायरला मराठीत नेमका शब्द कोणता? आणि नोस्फेराटू म्हणजे 'अमर' हे खरं का?"

दिवस मीही मोजत होतो. ज्या दिग्दर्शकाने आपल्या काउंट ऑर्लॉकला, म्हणजे ड्रॅक्युलावरूनच बेतलेल्या सिनेमातल्या व्हॅम्पायरला, बोलण्यासाठी डेशियन ही कधीच मरून गेलेली भाषा पुन्हा जुळवून घेतली, त्याचा सिनेमा शब्दवेड्या माणसाने पहिल्या दिवशी पाहायलाच हवा. म्हणून तर ही 'पिशाच्च' आणि 'अमर'ची जोडी ऐकली की कानाला खटकतं.

आधी पिशाच्च. संस्कृत 'पिशाच'. 'पिशित' म्हणजे मांस, ते खाणारा तो पिशाच, ही परंपरेने सांगितलेली व्युत्पत्ती. 'रक्तपिपासू पिशाच्च' लिहिणारा बातमीदार मांस खाणाऱ्याच्या हातात रक्ताचा पेला देतो. बरं, आज मराठीत पिशाच्च म्हणजे सरसकट भूतच झालंय असं धरलं, तरी गाडी तिथेच अडते. आपल्या भुताला देह नसतो. मुंजा, समंध, हडळ, खवीस, झोटिंग, कुणीही घ्या. ती लागतात, धरतात, झपाटतात. त्यांना अंग हवं असतं ते दुसऱ्याचं. व्हॅम्पायरचं उलट आहे. तो स्वतःच्याच प्रेतात राहतो, पेटीत झोपतो आणि त्याला संपवायचं तर छातीत खुंटा ठोकावा लागतो. भुताला खुंटा ठोकणार कुठे?

देहाची अट लावली की आपल्या यादीत एकच नाव उरतं: वेताळ. विक्रमाच्या खांद्यावरचं प्रेत आठवा. 'मग व्हॅम्पायर म्हणजे वेताळ' असं मी म्हणत नाही, पण या दोघांची गाठ कुणी बांधली ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. रिचर्ड बर्टन हा मुंबई लष्करातला अधिकारी, 1842 मध्ये मुंबईत उतरला, इथल्या इतर भाषांबरोबर मराठीही शिकला. त्याने 1870 मध्ये वेताळपंचविशीतल्या गोष्टी इंग्रजीत आणल्या आणि नाव दिलं 'विक्रम अँड द व्हॅम्पायर'. वेताळाला व्हॅम्पायर म्हणणं ही त्याची सरळ सरळ मोकळीक होती, कारण पंचविशीतला वेताळ कोडी घालतो, रक्त पीत नाही. आता पुढचं बघा. 'ड्रॅक्युला' लिहिणारा ब्रॅम स्टोकर या बर्टनला 1878 मध्ये भेटला. पुढे हेन्री आयर्विंग या नटाच्या आठवणी लिहिताना स्टोकरने बर्टनचं वर्णन केलंय: बोलताना वरचा ओठ उचलला जाई आणि सुळा पुरता दिसे, खंजिरासारखा लखलखत. सुळा! आणि बर्टनच्या पुस्तकातला वेताळ झाडाला कसा लटकतो? डोकं खाली, वटवाघळासारखा पायाच्या बोटांनी फांदी धरून. 1897 च्या कादंबरीत काउंट ड्रॅक्युला किल्ल्याची भिंत कशी उतरतो? डोकं खाली, झगा पंखांसारखा पसरून. ड्रॅक्युलाचे अभ्यासक आजच्या रुमेनियातल्या वालेकियाच्या व्लाद राजापाशी रेंगाळतात. व्लादकडून स्टोकरने नाव घेतलं, हे मान्य. पण तो सुळा आणि ती उलटी चाल आपल्या वेताळाच्या वाटेने आली असं मी मानतो, आणि बर्टनला तळटीपेत बसवणाऱ्यांशी माझं कधी जुळणार नाही.

तरीही सिनेमातल्या ऑर्लॉकला वेताळ म्हणू नका. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला जाऊन या. तिथला वेतोबा, म्हणजे वेताळच, गावाचा राखणदार आहे. लोक त्याला केळीचा घड वाहतात आणि चामड्याच्या वहाणा वाहतात, माणसाच्या पायाला कधीच न होणाऱ्या, हातभर लांबीच्या. मी पाहिल्या तेव्हा काहींना कोऱ्या चामड्याचा वास येत होता, काहींच्या टाचा झिजल्या होत्या. रात्री गावाची गस्त घालून झिजतात, असं तिथे सांगतात. जो गावासाठी चालून वहाणा झिजवतो त्याचं नाव जहाजातून उंदीर घेऊन येणाऱ्याला कसं द्यायचं?

वटवाघळाचं दोन ओळींत. रक्त पिणारी वटवाघळं फक्त अमेरिका खंडांत सापडतात आणि त्यांना व्हॅम्पायर हे नाव युरोपातल्या दंतकथेवरून मिळालं. उलटं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

आता 'अमर'. स्टोकरने नोस्फेराटू हा शब्द 'मेलेला पण न मेलेला' या अर्थाने वापरला, तेव्हापासून तोच त्याचा अर्थ समजला जातो. पण अमर तो, ज्याला मरण आलंच नाही. हा तर मेलाय. मराठीत या अवस्थेला शब्द शोधावा लागत नाही. आपण मेलेल्या माणसाला 'सुटला' म्हणतो आणि पिंडाला कावळा शिवला नाही की म्हणतो, 'सुटला नाही'. ड्रॅक्युला हा न सुटलेला आहे. अमर म्हणजे आपल्याकडे देव. काहीतरी तारतम्य ठेवा.

आणि मूळ शब्दाचा अर्थ 'न मेलेला' नाहीच. स्टोकरला तो एमिली जेरार्डच्या 1885 च्या लेखात सापडला. ती आजच्या रुमेनियातल्या ट्रान्सिल्व्हेनियात राहिलेली लेखिका, तिथल्या लोकसमजुतींवर तिने लिहिलं होतं. तिच्याही आधी 1865 मध्ये विल्हेल्म श्मिटने जर्मनमध्ये हा शब्द नोंदवला होता. गंमत अशी की रुमेनियन भाषेत 'नोस्फेराटू' असा शब्दच नाही. म्हणजे कुणाच्या तरी कानाने काहीतरी वेगळं ऐकलं.

काय ऐकलं? ग्रीक 'नोसोफोरोस', म्हणजे रोग वाहून आणणारा, असं बरेच जण ठोकून देतात. सिनेमात प्लेग आहे ना, मग जमलंच! पण ऑर्लॉकसोबत शहरात प्लेग येतो तो जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊच्या 1922 च्या मूळ 'नोस्फेराटू' सिनेमात. शब्दाची नोंद त्याच्या 57 वर्षं आधीची आहे आणि कादंबरीतला ड्रॅक्युला लंडनमध्ये प्लेग आणत नाही. सिनेमा पाहून मागाहून लावलेली ही व्युत्पत्ती आहे. ती छापणाऱ्यांनी सनावळी तरी बघावी.

पटण्यासारखे दावेदार दोन, दोन्ही रुमेनियन. एक 'नेसुफेरितू', म्हणजे सहन न होणारा. दुसरा 'नेकुरातू', म्हणजे अशुद्ध, आणि हा तिथे सैतानासाठी रूढ शब्द आहे. कान पहिल्याकडे झुकतो: नेसुफेरितू, नोस्फेराटू. त्यातला 'ने' तोच, जो आपला 'न'. मराठीत शब्दाला शब्द ठेवायचा तर 'नकोसा'. मला हे सापडलं त्या रात्री झोप लागली नाही.

कारण दोन्ही शब्दांत तो कोण आहे ते सांगितलेलंच नाही. नाव घ्यायचं टाळलंय. आणि हे आपल्याला कुणी शिकवायला नको. रात्री सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात. बांगडी फुटत नाही, वाढते. अंगावर फोड उठले तर देवी आल्या. आणि भुताचं? भुताचं नाव घरात निघतच नाही. विचारतात ते एवढंच: "बाहेरचं काही आहे का?" बाहेरची बाधा. बाहेरचं.

नोस्फेराटूला मराठीत माझा शब्द हा: बाहेरचा. 'नकोसा' अर्थाला चोख बसतो, पण भीती आहे ती 'बाहेरचा'मध्ये. ट्रान्सिल्व्हेनिया या नावाचा लॅटिन अर्थच 'रानापलीकडचं'. तिथून तो समुद्र ओलांडून परक्या शहरात येतो. आणि स्टोकरने त्याला घातलेली एक अट बघा. घरातल्या कुणी आत बोलावल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. एकदा बोलावलं की मग तो हवा तेव्हा येतो.

माझ्या आजीने स्टोकर वाचला नव्हता. पण रात्री दारातून कुणी नावाने हाक मारली तर ती आम्हाला पहिल्या हाकेला ओ देऊ द्यायची नाही. बोट ओठावर ठेवून कंदिलाची वात खाली करायची आणि थांबायची. दुसरी हाक. थांबायची. "बाहेरचं असेल तर एकदाच हाक मारतं," म्हणायची. तिसरी हाक आली की मगच कडी काढायला उठायची.