जुन्या पिकअपला एसी: कॉम्प्रेसरआधी हीटरचा टॅप बघा

तुमची पिकअप जुनी, कार्ब्युरेटरची, एसी कधी नव्हताच. प्रश्न असा की भंगारातल्या एसीवाल्या गाडीचा सगळा संच उचलावा, की डॅशबोर्डखाली लटकवायचा तयार किट घ्यावा.

दोन्हीकडून थोडं थोडं घ्या. भंगारात तुमच्याच इंजिनाची एसीवाली गाडी दिसली तर कॉम्प्रेसरचा ब्रॅकेट आणि क्रँकची जादा पुली डोळे झाकून उचला. ब्रॅकेट वेल्ड करून घेता येतो, पण पुली दोन-तीन मिलिमीटर जरी इकडेतिकडे झाली तरी पट्टा किंचाळायला लागतो आणि कडेने कुरतडला जातो. बाकी कूलिंग कॉइल, कंडेन्सर (गॅसमधली उष्णता बाहेर टाकणारी समोरची जाळी), होज, ड्रायर सगळं नवं. ड्रायर तर जुना फुकट मिळाला तरी नको. त्यातले दाणे ओलावा शोषायलाच असतात, आणि उघडा पडलेला ड्रायर हवेतलाच ओलावा पिऊन कामातून जातो. नव्याची टोपणंसुद्धा अगदी शेवटी, होज जोडताना काढा.

भंगारातली गाडी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची किंवा त्याआधीची असेल तर तिच्यात बहुधा आर-१२ गॅस होता. ओझोनच्या थरासाठी १९८७ साली मॉन्ट्रियलला करार झाला आणि तो गॅस हळूहळू बंद झाला. त्याच्याबरोबरचं मिनरल ऑइल त्याच्या जागी आलेल्या आर-१३४ए गॅसमध्ये मिसळत नाही. ते कुठेतरी साचून बसतं आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरतो. म्हणून नव्या गॅसला पॅग किंवा एस्टर ऑइल, आणि ओ-रिंगा सगळ्या बदलायच्या. जुना नळी-पत्र्यांचा कंडेन्सरही १३४एला कमी पडतो. चपट्या नळ्यांचा पॅरलल फ्लो घ्या, रेडिएटरसमोर मावेल तेवढा मोठा.

आता माझी फजिती ऐका, कारण तुम्ही त्याच वाटेने निघाला आहात. माझ्या पिकअपला किट बसवला, गॅस भरला, हायवेवर झकास गार. सिग्नलला थांबलो की दोन मिनिटांत कोमट. ज्याच्याकडून काम करून घेतलं तो म्हणाला, गॅस कमी आहे. भरला. मग म्हणाला, कॉम्प्रेसर थकलाय. सुदैवाने तेवढे पैसे हातात नव्हते. एका दुपारी इंजिन चालू ठेवून बोनेट उघडलं आणि रेडिएटरसमोर, कंडेन्सरच्या जाळीवर कागद धरला. पंख्याने तो ओढून धरायला हवा; तो घरंगळून खाली पडला. पंखा रेडिएटरपासून चार बोटं लांब आणि श्राउडच, म्हणजे पंख्याभोवतीचं आवरणच, नाही, म्हणजे तो इंजिनाकडचीच गरम हवा गोल गोल फिरवत होता. श्राउड बसवलं, कंडेन्सरपुढे इलेक्ट्रिक पंखा लावला, आणि सिग्नलचं दुखणं गेलं.

तरी गारवा मनासारखा नव्हता. डॅशबोर्डखाली पायाशी ऊब जाणवायची. हीटरच्या दोन्ही होजना हात लावला तर चटका! हीटरचा खटका बंद असला तरी बऱ्याच जुन्या गाड्यांत गरम पाणी हीटरच्या कॉइलमधून फिरतच राहतं. बंद होते ती फक्त हवेची झडप, आणि तीही अर्धवट. एकीकडे एसी, बाजूला शेगडी. होजमध्ये साधा टॅप टाकला. फरक इतका पडला की मला स्वतःचीच लाज वाटली. मात्र तुमच्या इंजिनात पाणी हीटरमधूनच फिरून येत असेल तर बायपासवाला टॅप लागेल, तेवढं बघून घ्या.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी टॅप, श्राउड, दारांची रबरं, फायरवॉलवरची (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरची) भोकं बुजवणं, छताला आणि जमिनीला उष्णतारोधक थर. पिकअपची केबिन मुळात लहान, त्यामुळे एवढ्यानेच निम्मी लढाई होते. पाठीमागच्या काचेतून ऊन डोक्यावर येतं, तिचाही बंदोबस्त करा.

वीज विसरू नका. ब्लोअर (केबिनमध्ये हवा फेकणारा पंखा) पूर्ण वेगात १५ अँपिअरच्या आसपास ओढतो, कॉम्प्रेसरचा क्लच ४, पुढचा पंखा १० किंवा जास्त. जुना अल्टरनेटर ३५-४० अँपिअरचा, आणि आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन मंद चालू असलं की, त्याच्या निम्मेही देईलच असं नाही. रात्री हेडलाइट लावून ट्रॅफिकमध्ये अडकलात की बॅटरी उतरणारच. प्रत्येक गोष्टीला वेगळा रिले आणि फ्यूज द्या. कॉम्प्रेसर लागला की कार्ब्युरेटरचं इंजिन आयडलला गचके खाऊन बंद पडतं. त्यासाठी क्लचच्याच वायरवर चालणारा, इंजिनाचा वेग थोडा वाढवणारा आयडल-अप सोलेनॉइड मिळतो. प्रेशर स्विचचे पैसे वाचवायच्या फंदात पडू नका. पंखा बंद पडला किंवा गॅस गळला तर कॉम्प्रेसरला वाचवणारा तोच.

गॅस भरण्याचं काम मात्र यंत्र आणि गेज असलेल्या माणसाकडेच द्या. आर-१३४ए उणे २६ अंशाला उकळतो, डोळ्यात उडाला तर डोळा जाईल. आधी किमान पाऊण तास व्हॅक्यूम मारायला सांगा. तशा व्हॅक्यूममध्ये आतलं पाणी साध्या हवेच्या तापमानालाच उकळून निघून जातं. मग पंप बंद करून अर्धा तास काटा बघत बसा. काटा सरकला तर गळती आहे. गॅस भरू देऊ नका. आणि गॅस किटवर लिहिलाय तेवढाच, वजन करून. जास्त भरला की गारवा वाढत नाही, उलट दाब चढतो आणि गार व्हायचं थांबतं.

सध्या दोनच गोष्टी कळवा: अल्टरनेटरवरचा अँपिअरचा आकडा, आणि पंख्याच्या पात्यापासून रेडिएटरपर्यंतचं अंतर. किटचं त्यानंतर बघू.