वाचकांचे प्रश्न : वारा, वेग आणि गाडीचे ॲव्हरेज

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरला राहतो आणि कामानिमित्त महिन्यातून तीन-चार वेळा समृद्धी महामार्गाने नागपूरला जातो. माझी छोटी पेट्रोल गाडी जुन्या रस्त्याने जेवढे ॲव्हरेज देत असे, तेवढे समृद्धीवर देत नाही. रस्ता इतका चांगला असूनही असे का व्हावे? गाडीच्या तळाला सनपॅक शीट लावून हवेचा अडथळा कमी करता येतो, असे ऐकले आहे. त्याचा खरोखर उपयोग होतो का?

उत्तर : आपल्या प्रश्नातच उत्तराचा निम्मा भाग आहे. रस्ता चांगला असल्यामुळेच आपण वेगाने जाता, आणि हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. माणसांसह सुमारे ११०० किलो वजनाची, समोरून पाहिल्यास २.१ चौरस मीटर भरणारी आणि ०.३२ इतका अवरोध-गुणांक (आकारामुळे हवा किती अडते हे सांगणारा आकडा) असलेली एखादी छोटी गाडी हिशेबाला घेऊ. तिच्या टायरांचा रस्त्याशी होणारा अवरोध वेग कितीही असला तरी साधारण १२० न्यूटनच्या आसपास राहतो. हवेचा अवरोध मात्र ताशी ६० किलोमीटरला सुमारे ११० न्यूटन, ८० ला १९०, १०० ला ३०० आणि समृद्धीवर मोटारींना मुभा असलेल्या १२० च्या वेगाला ४३० न्यूटनपर्यंत जातो. जुन्या रस्त्यावर गावे, गतिरोधक आणि ट्रक यांमुळे आपला वेग साठ-सत्तरच्या पुढे फारसा टिकत नसणार. तिथे हवा आणि टायर यांचा वाटा जवळपास सारखा होता. समृद्धीवर १२० च्या वेगाला चाकांपर्यंत पोहोचणाऱ्या शक्तीपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक शक्ती निव्वळ हवा बाजूला सारण्यात जाते. कंपनीने सांगितलेल्या ॲव्हरेजशी तुलना केली तर निराशा आणखी वाढते, कारण आपल्याकडे ज्या चाचणी-चक्रावर (वेग कमी-जास्त करण्याच्या ठरलेल्या क्रमावर) तो आकडा काढला जातो त्यात कमाल वेगच ताशी ९० किलोमीटर असतो, आणि तोही थोडाच वेळ.

आता शीटबद्दल. गाडीचा पुढचा भाग कारखान्यातच पुरेसा गुळगुळीत केलेला असतो. हात फिरवून सुधारण्यासारखे तिथे फारसे उरलेले नसते. दुर्लक्षित राहतो तो तळ. सायलेन्सरचा पाइप, सस्पेन्शनचे दांडे, स्टेपनीचा खळगा, पेट्रोलची टाकी अशा प्रत्येक उंचवट्यावर हवा आपटते आणि भोवरे निर्माण होतात. शिवाय मागचा बंपर आतून पोकळ असतो आणि तळाखालून आलेली हवा त्यात पॅराशूटप्रमाणे अडकते. हौशी मंडळी स्वस्तातल्या स्वस्त सुधारणेची सुरुवात येथूनच करतात, आणि ते योग्यच आहे. पुढच्या बंपरपासून मागपर्यंत सपाट आवरण नीट बसले तर काही टक्के अवरोध कमी होऊ शकतो.

मात्र शीट कोठे लावू नये, हे आधी ठरवावे लागते. सनपॅक म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ते साधारण १६० अंश सेल्सिअसला वितळते, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेतला, धुरातील विषारी वायू कमी करणारा डबा) व त्यालगतचा पाइप याच्या कितीतरी पट तापतात. त्या भागात पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा, तोही पाइपापासून चांगले अंतर राखून, लावावा किंवा तो भाग उघडाच सोडावा. वाळलेले गवत किंवा तेलकट चिंधी आवरणात अडकून राहिल्यास आगीला निमंत्रणच मिळते. पावसाचे पाणी आणि चिखल निघून जाण्यासाठी छिद्रे हवीत, ऑइल बदलणाऱ्या फिटरसाठी उघडणारी खिडकी हवी, आणि पुढची कड कधीही हवेत लटकती नसावी. ती बंपरच्या आत खोचलेली असावी. तसे नसेल तर १०० च्या वेगाला शीट सुपासारखी हवा भरून घेते आणि फाटून मागच्या गाडीच्या काचेवर जाऊन बसते.

एक तुलना सांगतो, ती कदाचित आवडणार नाही. समजा, एवढी खटपट करून आपण हवेचा अवरोध दहा टक्क्यांनी उतरवला, जे घरच्या घरी करणे सोपे नाही, तर १२० च्या वेगाला चाकांवरचे एकूण ओझे (हवा आणि टायर यांचा अवरोध मिळून) सुमारे आठ टक्क्यांनी कमी होईल. शीट न लावता वेग १२० वरून १०० वर आणला तर तेच ओझे सुमारे २४ टक्क्यांनी कमी होते. चारशे किलोमीटरच्या प्रवासात त्यासाठी चाळीस मिनिटे जास्त द्यावी लागतील. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेने देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची, वेगमर्यादा घातली ती याच गणितावर.

प्रश्न : समोरची जाळी पुठ्ठ्याने किंवा फोमने बंद केल्यास ॲव्हरेज वाढते, असे परदेशातील अनेकजण सांगतात. चंद्रपुरात ते करावे का? (एक वाचक, चंद्रपूर)

उत्तर : मे महिन्यात तर मुळीच करू नये. जाळीतून आत शिरलेली हवा रेडिएटर आणि इंजिनाभोवती अडखळत खाली बाहेर पडते आणि त्यात शक्ती वाया जाते, ही गोष्ट खरी आहे. म्हणूनच काही नव्या गाड्यांत गरजेनुसार आपोआप उघडझाप करणाऱ्या झडपा कारखान्यातूनच येतात. परंतु परदेशातील ते अनुभव बहुतेक थंड हवेतील असतात. आपल्याकडे रेडिएटरच्या पुढे एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर असतो. त्याची हवा तोडली की आधी गारवा कमी होतो, मग पंखा सतत फिरू लागतो, आणि जाळी झाकून जे वाचवले ते पंखा व कॉम्प्रेसर खाऊन टाकतात. डिसेंबर-जानेवारीत प्रयोग करायचा असल्यास फक्त वरची जाळी, तीही अर्धीच, झाकावी आणि स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकातील माहिती वाचण्याच्या जागेला) स्कॅनर जोडून कूलंटचे तापमान पाहत राहावे. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो, आणि तो लागतो तेव्हा सावध होण्याची वेळ टळून गेलेली असते. समोर रडार असलेल्या गाडीत त्याच्यापुढे काहीही लावू नये.

प्रश्न : माझा भाजीपाल्याचा पिकअप आहे. परतताना रिकामा असतो. मागचा फाळका उघडा ठेवल्यास हवा सरळ निघून जाईल आणि डिझेल वाचेल, असे चालक म्हणतो. हे बरोबर आहे का? (एक शेतकरी, तासगाव)

उत्तर : ऐकायला पटते, पण हवा तसे वागत नाही. फाळका बंद असला की हौद्यात हवेचा एक मोठा भोवरा तयार होऊन तिथेच फिरत राहतो आणि केबिनवरून आलेली हवा त्याच्यावरून, जणू उशीवरून, घसरत मागे जाते. फाळका उघडला की तो भोवरा मोडतो. म्हणजे फायदा होण्याऐवजी नुकसान होण्याचीच शक्यता अधिक, आणि लोंबकळणाऱ्या फाळक्यामुळे मागची नंबरप्लेट झाकली गेली तर दंड वेगळा. हौद्यावर ताडपत्री ताणून सपाट बांधली तर थोडा लाभ होतो. ती ताणलेली मात्र हवी. फडफडणारी ताडपत्री स्वतःच अवरोध निर्माण करते.

प्रश्न : एका अमेरिकी हौशी माणसाने जुन्या होंडा सिव्हिकला लांब निमुळती शेपटी जोडून ॲव्हरेज दुपटीच्या आसपास नेल्याचे वाचले. डिकीच्या मागे अशी शेपटी आपल्याकडे बसवता येईल का? (एक अभियांत्रिकी विद्यार्थी, सांगली)

उत्तर : ती गाडी १९९२ सालच्या मॉडेलची असून तिच्या मालकाने अवरोध-गुणांक जवळपास निम्म्यावर, ०.१७ पर्यंत, आणल्याचा दावा केला होता. दावा त्याचा स्वतःचा आहे. पण त्यामागचे तत्त्व पक्के आहे. गाडीच्या मागे हवा पृष्ठभागापासून अचानक सुटते तेव्हा तिथे कमी दाबाची पोकळी तयार होते आणि ती गाडीला मागे ओढते. अवरोधाचा मोठा हिस्सा पुढच्या धक्क्याचा नसून या ओढीचा असतो. वरचा पृष्ठभाग दहा-बारा अंशांच्या उताराने हळूहळू खाली आणला तर हवा चिकटून राहते. उतार फार तीव्र केला तर ती सुटते. निमुळती शेपटी पूर्ण टोकापर्यंत नेण्याची गरज नसते, मध्येच सरळ कापली तरी बराचसा लाभ मिळतो, हे जर्मन अभियंता वुनिबाल्ड काम यांनी १९३० च्या दशकात दाखवले आणि तो आकार आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. आपल्या गाडीवर हवा कोठे सुटते ते पाहायचे असेल तर काचेवर आणि डिकीवर लोकरीचे वीतभर धागे चिकटपट्टीने लावा आणि मित्राला शेजारच्या गाडीतून चित्रण करायला सांगा. जेथे धागे सरळ मागे ताणलेले दिसतील तेथे हवा चिकटलेली आहे, आणि जेथे ते वेडेवाकडे नाचतील तेथे ती सुटली आहे.

रस्त्यावर वापरण्यासाठी मात्र ही शेपटी बसवू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. शेपटीने गाडीची लांबी वाढते, दिवे आणि नंबरप्लेट झाकली जाऊ शकते, आणि मागून धडक बसल्यास काय होईल हे कोणी तपासलेले नसते. बाहेरचे आरसे काढून टाकण्याचा सल्लाही काहीजण देतात. तो तर विचारातही घेऊ नये. महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी, बंद आवारात, शेपटीचा प्रयोग अवश्य करावा.

प्रश्न : एवढे सगळे केल्यावर फरक पडला की नाही, हे घरच्या घरी कसे मोजावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : या स्तंभाला आलेल्या पत्रांत हा प्रश्न सर्वांत कमी वेळा असतो आणि तो सर्वांत आधी विचारायला हवा. टाकी फुल करून मोजण्याची पद्धत या कामासाठी ढोबळ आहे. पंपाची नळी एका वेळी अर्धा-एक लिटर आधी किंवा नंतर बंद झाली तरी तीस लिटरच्या हिशेबात दोन-तीन टक्क्यांची चूक शिरते, आणि आपण शोधत असलेला फरक तेवढाच असतो.

त्यापेक्षा गाडी घरंगळू देण्याची चाचणी चांगली. १९७३ नंतर नासाच्या एका केंद्रात मुद्दाम चौकोनी पेटीसारखी केलेली व्हॅन याच पद्धतीने तपासली गेली, आणि तिचे कोपरे नुसते गोल केल्याने अवरोध निम्म्याहून अधिक कमी झाल्याचे दिसले. हे संशोधन सुरू झाले ते सायकलवरून कामाला जाणाऱ्या एका अभियंत्यामुळे : शेजारून ट्रक गेला की हवा आधी बाहेर ढकलते आणि मग आत ओढते, हे त्याच्या अंगाने अनुभवले होते. आपण रहदारी नसलेला, सरळ आणि सपाट रस्ता निवडावा. द्रुतगती मार्गावर हा प्रयोग करू नये. पहाटे वारा पडलेला असताना गाडी ८५ वर नेऊन न्यूट्रल करावी आणि ८० वरून ६० वर यायला किती सेकंद लागतात ते शेजारी बसलेल्याने मोजावे. इंजिन बंद करू नये; ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदत त्याच्याबरोबर जाते. वरच्या उदाहरणातील गाडीला वीस-एक सेकंद लागतील आणि हवेचा अवरोध दहा टक्क्यांनी घटला तर त्यात जेमतेम एका सेकंदाची भर पडेल. किलोमीटरला एक मीटर इतका, डोळ्यांना न दिसणारा उतारही जवळपास तेवढाच फरक घडवतो. म्हणून प्रत्येक मोजमाप दोन्ही दिशांनी, निदान पाच-पाच वेळा घ्यावे. आधी मूळ गाडी, मग बदल करून, आणि मग बदल काढून पुन्हा मूळ गाडी. तिसऱ्या फेरीचे आकडे पहिलीशी जुळले नाहीत तर मधल्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये. टायरमधली हवा तिन्ही वेळा सारखी असावी.

प्रश्न : डिकीवर स्पॉयलर बसवू की टपावरचा कॅरियर काढू? दोन्हींत एकच परवडेल. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : कॅरियर काढावा, त्याला पाना सोडून काही लागत नाही. बाजारात मिळणारे बहुतेक स्पॉयलर शोभेचे असतात आणि काही तर अवरोध वाढवतात. अमेरिकी सरकारच्या इंधनविषयक माहितीनुसार टपावरच्या सामानाच्या पेटीमुळे महामार्गावर ॲव्हरेज ६ ते १७ टक्क्यांनी घटते. रिकाम्या कॅरियरचा तोटा त्याहून कमी, पण तो वर्षभर भरावा लागतो, आणि आपल्याकडे कॅरियर गणपतीला गावी जाताना एकदा वापरला जातो. नटबोल्ट एका पिशवीत घालून कॅरियरलाच बांधून ठेवावेत, म्हणजे पुढच्या भाद्रपदात शोधाशोध होणार नाही.